‘अ’ म्हणजे थोडंसं

मंगळवार, ८ ऑक्टोबर

प्रिय टिप्यास,

ताईचे अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे असं पहिल्या ओळीत लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. तुमच्याकडेही ठीकच असेल असं गृहीत धरते. गृहीत धरण्यात तू वाकबगार, आम्ही आपले नवशिके.

पत्र छापील अक्षरात पाहून दचकू नकोस. "ताईचं अक्षर म्हणजे मुंग्यांचा मोर्चा" असं तू दुसरीत असताना म्हणाला होतास आणि ते मी विसरलेले नाही. म्हणून या वेळी मी सांगतेय आणि तुझे भावोजी टाइप करतायत.

आधी फोनला सांगून पाहिलं होतं. हल्ली फोन ऐकून लिहितात म्हणे. लिहितात खरे, ऐकतात असं वाटलं नाही. मी म्हटलं "अपार्य", त्याने लिहिलं "अपार". ज्यातून पाणी पार जात नाही ते अपार्य, आणि ज्याला पारच नाही ते अपार. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, त्याने पुन्हा पुन्हा सुधारलं. शेवटी हे म्हणाले, "ठेव तो बाजूला, मी बसतो." जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेला माणूस. दुसऱ्यांच्या चुका काढायची सवय, स्वतः करायचा सराव नाही. त्यामुळे एका बोटाने, एकेक अक्षर न्याहाळत चाललंय. तुझ्या चिकणमातीतून पाणी जातं तसं. म्हणजे जायला हवं होतं तसं.

ते पुढे येईलच. आधी घरच्या बातम्या.

शाळेतून मी सध्या रजा घेतलीये. नववीचा वर्ग शोकात बुडाला असेल असं मानायला मला आवडेल, पण चित्रकलेच्या बाई सांगत होत्या की बातमी कळल्यावर पोरांनी बाक वाजवले. बरोबरच आहे. समास सोडवणाऱ्या बाईसाठी कोण रडतं? घरात कप नवे आणलेत, स्टीलचे. चिनीमातीचे बरेच फुटले. आणि तुझ्या भावोजींना या वयात वेणी घालता यायला लागलीये. माझी. पेड तीन असतात हे त्यांना मान्य आहे. कुठला कुठल्यावरून जातो यावर अजून आमचं एकमत नाही. परवा शाळेतल्या दोघी भेटायला आल्या, तर त्यातली एक म्हणते, "अगं बाई, ही कुठली नवी फॅशन?" हे आतून ओरडले, "घरगुती!"

भाचीला सांग, तिने पाठवलेलं चित्र भिंतीवर लावलंय. आत्याचं नाक एवढं मोठं का, हे विचारणार होते, पण मग आरशात पाहिलं.

आता कामाचं.

गेल्या आठवड्यात चौकशी समितीचं पाकीट आलं. आत तुझ्या अहवालाच्या सारांशाची छापील प्रत होती. रंगाच्या कारखान्याला आपल्या मागच्या माळावर सांडपाण्याचं तळं बांधायची परवानगी ज्याच्या जोरावर मिळाली, तोच सारांश. खाली बारीक टायपात भाषांतरकार म्हणून माझं नाव. ती प्रत मी पहिल्यांदाच पाहिली. तेव्हा परवानगीच्या सुनावणीला ती सभागृहात वाटली होती म्हणतात. मी त्या दिवशी परीक्षेच्या कामाला जुंपलेली होते, आणि भाषांतरकाराला प्रत घरी पाठवायची पद्धत नसते. स्वयंपाक्याला पंगतीत बसवत नाहीत, तसंच.

ते भाषांतर आपण कसं केलं होतं, आठवतंय? तू सुट्टीवर आला होतास आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून मला तुझं शास्त्र समजावत होतास. साखरेचा खडा चहाला नुसता टेकवलास आणि म्हणालास, "बघ, चहा वर चढतोय. आत भोकं आहेत, भोकांना भोकं जोडलेली आहेत. दगड, माती, वीट, पाव, हाड, सगळं असंच. भरीव असं जगात काही नसतंच, ताई."

"आणि माणसं?"

"ती तर चाळणीच."

मी विचारलं, एवढी भोकं मोजतो कोण? तू म्हणालास, कुणीच नाही. मूठभर माती प्रयोगशाळेत न्यायची, तिच्यातून पाणी किती सहज जातं ते मोजायचं, मातीचा तो स्वभाव समीकरणात एका अक्षरात बसवायचा, आणि मग तेच अक्षर अख्ख्या थराला लावायचं.

"म्हणजे एका माणसावरून गावाची पारख?"

"मूठ पुरेशी मोठी असली की चालतं गं."

मी त्याला "प्रातिनिधिक मूठ" असं नाव दिलं. तू इतका हसलास की चहा अहवालावर सांडला, आणि मग तो कागदात कसा पसरतोय ते बघत बसलास. तुला टिप्या म्हणते ते काय उगाच? माझ्या शाळेच्या दप्तरातले टीपकागद पळवून त्यांवर शाईचे थेंब टाकत बसणारा मुलगा. थेंबाच्या कडेला पेन्सिलने रेघ मारायचास आणि पैज लावायचास, शाई इथवर येणार, याच्या पुढे नाही. बहुतेक वेळा जिंकायचास. कागद माझे जायचे.

तर त्या टेबलावर, तळ्याखालच्या चिकणमातीच्या थरासाठी मी शब्द दिला "अल्पपार्य". पाणी पार जातं, पण फार थोडं, फार हळू. तुझ्या गणिताने तळ्यातलं पाणी त्या थरातून उतरून आपल्या विहिरीपर्यंत यायला दीडशे वर्षं. "ताई, तू निर्धास्त पी," म्हणालास. मी निर्धास्त प्याले. इतकी, की शाळेतही घरच्या विहिरीची बाटली न्यायची. गोड पाणी आमचं, म्हणून तोरा मिरवायची.

मग तू परत गेलास आणि तुझा फोन आला.

"ताई, ते 'अल्प' काढ ना. लोक लगेच विचारतील, अल्प म्हणजे किती. सरळ 'अपार्य' कर."

"अरे, मग ते खोटं होईल."

"खोटं कसं? तूच तर शिकवलंस. 'अ'चे सहा अर्थ, त्यातला एक 'थोडंसं'."

मला हसू आलं. शिकवलेलं कुणाच्या लक्षात राहिलं की मास्तरणी विरघळते, ही आमच्या जातीची खोड. आणि व्याकरणात ते खरंच आहे. शब्दाच्या डोक्यावर बसणारा तो नकाराचा "अ" कधी साफ नाही म्हणतो, कधी नुसतं वेगळं म्हणतो, कधी उलट, आणि कधी फक्त थोडं. बिनपोटाची मुलगी म्हणजे बारीक पोटाची मुलगी, हे जुनं उदाहरण तुला मी दहावीत घोकायला लावलं होतं आणि तू आठवडाभर मला त्यावरून चिडवत होतास. पण मी फोनवर काय म्हटलं, तेही तुला आठवत असणार. "ते पोथीत चालतं, विहिरीत नाही. मी बदलणार नाही."

"बरं बाई," म्हणालास.

"अ"चे अर्थ सहा आहेत. तुझ्या "बरं बाई"चे किती, ते कुठल्याच व्याकरणात दिलेलं नाही.

छापील प्रतीत "अपार्य" आहे. एक "ल्प" तेवढा गेला. नियम असा निघाला, मला आत्ता कळतोय, की थर अल्पपार्य असेल तर तळ्याला खालून अस्तर घालायचं आणि आजूबाजूच्या विहिरी दर वर्षी तपासायच्या. अपार्य असेल तर दोन्ही नको. तेव्हा त्या "ल्प"बरोबर अस्तर गेलं आणि तपासणीही गेली. जोडाक्षराला एवढं वजन असतं हे मी वर्गात जन्मभर सांगत आले, पोरांना पटत नव्हतं.

आता गल्लीतल्या सगळ्या विहिरींवर लाल फुल्या आहेत. आपल्याही. रंग झकास आहे, वाळला तरी चमकतो. कारखान्याचाच असणार.

पाणी कसं उतरलं तेही समितीच्या लोकांनी खणून दाखवलं. तळ्यासाठी नीलगिरीची रांग तोडली होती ना, झाडं गेली आणि मुळं खालीच राहिली. मुळं कुजली. प्रत्येक मुळाच्या जागी मुळाएवढी नळी. चिकणमातीत उभ्या नळ्या, बोट घालावं एवढ्या, थेट खालच्या वाळूपर्यंत. आणि वाळूतूनच सगळ्या विहिरींना पाणी. दीडशे वर्षांचा प्रवास सहाव्या वर्षी संपला. तुझ्या प्रातिनिधिक मुठीत मूळ एकही नव्हतं.

त्या मुळांवरून मला अप्पांनी विहीर खोल केली तेव्हाची एक गोष्ट आठवते. ती मी इथे सांगत नाही. तुला माहीत आहे.

परवा तुझा निरोप आला. "ताई, समितीला फक्त एवढं लिहून दे की संस्कृतात 'अ' अल्पार्थीही असतो. तुझ्या शब्दाला वजन आहे. बाकी मी बघतो." माझ्या शब्दाला वजन आहे हे तुला वेळेवर आठवलं, बरं वाटलं. विभागप्रमुखाची खुर्ची तुझ्या हातातोंडाशी आली आहे, हेही तुझ्या बायकोकडून कळलं. हरकत नाही. तुझ्या अहवालाच्या मागे गृहीतकांची दोन पानं आहेत; थर एकजिनसी गृहीत धरला आहे, तापमान स्थिर गृहीत धरलं आहे. सगळ्यांत मोठं गृहीतक त्यात घालायचं राहिलं. ताई.

माझं मागणं लहान आहे. शुक्रवारी सुनावणी आहे. तू पडद्यावरून बोलणार आहेस असं पत्रात लिहिलंय. तेव्हा दोन वाक्यं बोल. "शब्द मी बदलला." आणि "मूठ लहान होती." बस. तुझं गणित चुकलं असं कुणी म्हणत नाहीये, मी तर नाहीच. समीकरण बिचारं देऊ तेवढंच परत देतं. पण तू बोललास तर तळं रिकामं करतील, अस्तराचं काम सुरू होईल, आणि तुला खुर्ची मिळायला चार वर्षं उशीर होईल. तू नाही बोललास तर मला विचारतील. मला खोटं बोलता येत नाही, कारण मला त्याची विभक्ती लागत नाही.

ती आत गेली आहे म्हणून मधे लिहितो. तिच्या हातांना संवेदना राहिलेली नाही. मनगटापर्यंत जाड हातमोजे घातल्यासारखं वाटतं म्हणते, पायांत मोजे. खडू हातातून सुटायला लागला म्हणून रजा. कप त्यामुळे फुटले. वेणी त्यामुळे मी घालतो. जे विहिरीत सापडलं तेच तिच्या रक्तात सापडलं. मी दिवसभर छापखान्यातलं पाणी प्यायचो म्हणून वाचलो. डॉक्टर म्हणतात आता वाढणार नाही, पण गेलेलं परत येईल असं सांगवत नाही. तुला सांगणार नाही अशी तिने मला शपथ घातली होती. टाइप करणार नाही अशी घातली नव्हती. — भावोजी

वरचा परिच्छेद ह्यांनी मला आत्ता वाचून दाखवला. चोरी उघड करायची एवढी सभ्यता आहे. जुन्या पोथ्यांत नंतरचे लोक आपले श्लोक घुसडतात, त्यांना प्रक्षिप्त म्हणतात. अभ्यासक ते हुंगून बाहेर काढतात. मी म्हटलं, काढा तो. तर म्हणाले, "मजकूर बरोबर असेल तर मुद्रितशोधकाला हात लावता येत नाही."

राहू दे मग. पण मी ते का सांगत नव्हते, एवढं ऐक. तू शुक्रवारी खरं बोलावंस ते माझ्या हातांची दया येऊन नको होतं मला. हात शाबूत असते तरी ते खरंच होतं. आता तू बोललास तर मला कधीच कळणार नाही की कशामुळे बोललास. ह्यांनी माझी परीक्षा बिघडवली. ह्यांच्यावर मी रागावलेय आणि तरीही चहा ह्यांच्याच हातून घ्यावा लागतोय, त्यामुळे रागाला म्हणावी तशी धार येत नाही.

शुक्रवारी मी पुढच्या रांगेत बसेन. डोळ्यांत बघ.

तुझी,
ताई


रविवार, १३ ऑक्टोबर

टिप्या,

आशीर्वाद. रीत आहे.

शुक्रवारच्या खोलीत तू नव्हतास, भिंतीवर होतास, म्हणून तुला तिथलं काय दिसलं आणि काय नाही याची मला कल्पना नाही. तेव्हा सगळं सांगते. हे टाइप करतायत आणि मधे घुसणार नाहीत असं कबूल केलंय.

प्लास्टिकच्या खुर्च्या, मधे लांब टेबल, अध्यक्षबाईंना कडाक्याची सर्दी. आपल्या गल्लीतले सगळे आलेले. कारखान्याचे वकील नीटनेटके, मृदू बोलणारे, पाहताच जावई करून घ्यावेत असे. आणि समोर भिंतीवर तू, दारापेक्षा मोठा. चष्मा बदललास. शोभतो. तुझ्यामागे खिडकी, आणि खिडकीला मी शिवून दिलेला निळा पडदा. त्याची खालची पट्टी मी हाताने घातली होती, मशीनवर सुरकुती येत होती म्हणून. पडदा पाहिला आणि मला उगाच धीर आला.

तू चांगलं बोललास. तू नेहमीच चांगलं बोलतोस. पाणी, माती, उतार, वेग. मग अध्यक्षबाईंनी शब्दाचं विचारलं, तेव्हा तू म्हणालास, "शब्दाची निवड भाषांतरकार बाईंची. त्या संस्कृतच्या जाणकार आहेत. त्यांच्या शास्त्राप्रमाणे 'अ' अल्पार्थी असतो, असा माझा समज करून देण्यात आला होता."

भाषांतरकार बाई.

माझ्या शेजारी बसलेल्या शिंप्याच्या आईने मला कोपराने ढोसलं. "कोण गं ही बाई?" मी म्हटलं, "मीच." ती म्हणाली, "पण तो तुझा भाऊ ना?" तिला कमी ऐकू येतं, म्हणून ती मोठ्याने बोलते. सगळ्यांनी ऐकलं. तूही ऐकलं असशील.

मग मला उभं केलं.

"बाई, व्याकरण खरंच असं म्हणतं?"

"म्हणतं."

वकील खूश. अध्यक्षबाईंनी नाक पुसलं. "म्हणजे ते बरोबर आहेत?"

"व्याकरणात बरोबर आहेत. पण सहापैकी कुठला अर्थ, ते शब्द ठरवत नाही, बोलणारा ठरवतो. बोलणाऱ्याच्या मनात काय होतं त्याला विवक्षा म्हणतात. माझी विवक्षा मी सांगू शकत नाही, कारण तो शब्द मी लिहिलेलाच नाही. मी 'अल्पपार्य' लिहिलं होतं. 'अपार्य' करा असा फोन आला, मी नाही म्हटलं."

वकील अगदी हळुवारपणे म्हणाले, "याला काही पुरावा, बाई?"

"नाही. भांडण फोनवर झालं. भावंडांच्या भांडणाची कार्बन कॉपी ठेवायची आमच्याकडे पद्धत नव्हती."

मागे कुणीतरी हसलं. वकीलही हसले. "म्हणजे भावाच्या शब्दापुढे बहिणीचा शब्द. एवढंच ना?"

एवढंच होतं. माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी बसायला लागले होते, टिप्या, खरंच. मग तुझ्याकडे पाहिलं आणि तू सुटकेने खुर्चीत मागे टेकलास ते दिसलं. लहानपणी पैज जिंकल्यावर असाच टेकायचास.

मग मी ती गोष्ट सांगितली.

म्हटलं, या भिंतीवरच्या साहेबांना एकच विचारा. आमच्या अप्पांनी विहीर खोल केली तेव्हा हे पाचवी-सहावीत होते. हट्ट करून टोपलीत बसून खाली उतरले. वर आले ते हातात एक पांढरं, ओलं, लांबलचक काहीतरी लोंबकळत घेऊन. मी साप समजून किंचाळले. हे नाचत होते. "ताई, अगं नीलगिरीचं मूळ आहे! चिकणमातीतून आरपार येऊन खाली लोंबतंय!" अप्पांनी ते मूळ खुंटीला टांगून ठेवलं होतं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला. त्याच झाडांच्या रांगेवर पुढे तळं आलं. तेव्हा ज्या थराला छापील कागदात अपार्य म्हटलंय, त्यातून पार गेलेली गोष्ट यांनी स्वतःच्या मुठीत धरलेली आहे. त्यांची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे. विचारा.

अध्यक्षबाई तुझ्याकडे वळल्या. "हे खरं आहे का?"

आणि तू थिजलास.

तोंड थोडं उघडं, एक हात चष्म्याशी, डोळे कुठेतरी खाली. वकील लगेच म्हणाले, "संपर्क तुटला वाटतं." तांत्रिक मुलगी वायरी तपासायला धावली. सगळी खोली थांबली. मीही थांबले. आपण पुतळा-पुतळा खेळायचो तेव्हा तू नेहमी हरायचास, तुला हसू आवरायचं नाही. या वेळी पापणीसुद्धा लवली नाही. वयाने माणूस बरंच शिकतो.

फक्त तुझ्यामागे माझा पडदा हलत होता. फुगायचा, खिडकीला चिकटायचा, पुन्हा फुगायचा. खालची पट्टी अगदी सरळ दिसत होती. तुमच्याकडे वारा चांगला आहे.

आधी शिंप्याच्या आईच्या लक्षात आलं. मग एकेकाच्या. अध्यक्षबाईंनी रुमाल खाली ठेवला आणि कुणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाल्या, "यांचा पडदा फार हलतो हो." त्यावर तू गेलास. भिंत नुसती पांढरी झाली.

मला वाटलं होतं, मी जिंकले तर मला बरं वाटेल. तू तसाच बसून राहिला असतास, नाही म्हणाला असतास, "ताईला आठवत नाही, ते मूळ दुसऱ्या झाडाचं होतं" असं काहीतरी खोटं रचून बोलला असतास, तरी मी घरी येऊन भांडले असते, रडले असते, पुढच्या वर्षी बोलले असते. खोटं बोलणाऱ्याशी भांडता येतं. पण तू मला बघून पुतळा झालास. माझ्या आवाजापुढे. त्याला काय म्हणायचं, मला शब्द सापडत नाही, आणि शब्द देणं हा माझा धंदा आहे.

मग माझा जबाब लिहून झाला. कारकुनाने कागद पुढे केला, पेन दिलं. मी पेन धरलं, निदान मला तसं वाटलं. ते टेबलावर पडल्याचा आवाज आल्यावर कळलं की धरलं नव्हतं. वकिलांनी उचलून दिलं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा तेही वाकले नाहीत, नजर चुकवून कागद चाळायला लागले. हे मागून उठून येत होते, मी मान हलवून थांबवलं.

कारकून म्हणाला, "बाई, अंगठा चालेल."

हस अगदी. दोन पदव्या, भिंतीवर सुवर्णपदकाचा फोटो, आणि बाई अंगठाबहाद्दर. कारकुनाने माझा अंगठा शाईच्या उशीवर दाबला आणि मग कागदावर. शाई ओली आहे हे मला कळलं नाही. कागदाला कळलं. सरकारी कागद, स्वस्तातला. शाई रेघांच्या बाहेर पसरायला लागली, बारीक केसांसारखी, सगळ्या बाजूंनी. मी बघत बसले. कारकून म्हणाला, "झालं बाई, उठा." मी म्हटलं, "थांबा जरा." तू असतास तर पेन्सिलने रेघ मारून सांगितलं असतंस, इथवर येईल, याच्या पुढे नाही.

तळं रिकामं करायचा हुकूम निघालाय. तुझ्या अहवालावर निर्णय राखून ठेवलाय आणि तुला पुढच्या महिन्यात समक्ष बोलावलंय. तसं पत्र तुला येईलच. खुर्चीचं काय झालं ते तुझी बायको सांगत नाही, म्हणजे मला कळलं. आलास तर हॉटेलात उतर असं हे म्हणतात. मी म्हणते, घरी ये. तुझी खोली झाडून ठेवलीये. पाणी टँकरचं आहे, बिनधास्त पी.

पत्राच्या शेवटी ह्यांना सांगितलं, नेहमीसारखं "तुझी ताई" घाला. ह्यांचं बोट वरच थांबलं. म्हणाले, "तो शब्द त्याने बदललाय. मूळ लेखकाच्या परवानगीशिवाय मी परत फिरवू शकत नाही."

मी वाद घातला नाही. लोभ असावा. अल्प असला तरी चालेल.

कळावे,

भाषांतरकार बाई
(निशाणी डाव्या हाताचा अंगठा)